वस्तीवर एकटं राहताना कपाटातल्या बंदुकीचं काय करायचं

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. शिराळा तालुक्यात वारणेच्या अंगाला, गावापासून दीड किलोमीटरवर त्यांची वस्ती आहे. शिक्षिका म्हणून निवृत्त, वय ५९. यजमान सव्वा वर्षापूर्वी गेले, मुलगा पुण्याला. घराच्या तीन बाजूंना ऊस. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या विहिरीवरची मोटार आणि केबल चोरीला गेली, आणि महिन्याभरापूर्वी पहाटे अंगणातल्या चिखलात बिबट्याची पावलं उमटलेली दिसली. यजमानांची डबल बारची बारा बोअर बंदूक लोखंडी कपाटात तशीच आहे, आणि काडतुसांचा चामडी पट्टा दाराआडच्या खुंटीला. बंदूक उशाशी ठेवावी का, आणि कुणी घरात शिरलंच तर चालवता येईल का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी चोवीस वर्षं फौजेत होतो, त्यातली बरीचशी कोतात गेली. कोत म्हणजे पलटणीची शस्त्रं ठेवायची खोली. आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी घरटी फौजी असलेली गावं आहेत. पेन्शनीत आलेले कितीतरी जण स्वतःच्या परवान्यावर बारा बोअर घेऊन बँकेत नाहीतर साखर कारखान्यावर पहाऱ्याला उभे राहतात. त्यांना बंदूक हाताळायला आणि राखायला शिकवणं हे गेली काही वर्षं माझं काम आहे. म्हणजे मी बंदुकीला नाक मुरडणारा माणूस नाही, एवढं धरून पुढचं वाचा.

आधी तातडीचं. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नसतो. यजमान गेले तसा त्यांचा परवाना संपला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं २१ वं कलम सांगतं की शस्त्र जवळ ठेवायचा हक्क संपला की विनाकारण उशीर न करता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. आज ती बंदूक तुमच्या घरात विनापरवाना आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं केली आहे. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. दुखवट्याच्या घरात बंदुकीचे कागद कुणाला आठवत नाहीत, ठाण्यातल्या माणसांनाही ते कळतं. पण तुम्ही आपणहून कळवणं वेगळं, आणि ती चोरीला गेल्यावर किंवा तिच्यातून बार उडाल्यावर कळणं फार वेगळं.

ठाण्यात फोन करा, ठाणे अंमलदाराला सांगा की यजमानांची परवान्यावरची बंदूक जमा करायची आहे, मी एकटी आहे, न्यायला कुणी येईल का. मूळ परवाना, मृत्यूचा दाखला आणि तुमचं आधार कार्ड काढून ठेवा. पावती घेताना तिच्यावर बंदुकीचा नंबर, बनावट आणि काडतुसांची संख्या लिहिलेली आहे का ते स्वतः वाचा. ती एसटीतून किंवा भाच्याच्या मोटारसायकलवरून पोत्यात गुंडाळून नेऊ नका. आणि कुणी न्यायला येईपर्यंत तिला हात लावू नका. रिकामी आहे का बघायलासुद्धा नको.

का ते सांगतो. कोरेगावच्या बाजूला एका घरी मला सासऱ्यांची जुनी बंदूक बघायला बोलावलं होतं. चौदा वर्षं कुणी हात लावलेला नाही, रिकामीच आहे, असं घरातली तीन माणसं देवाशपथ सांगत होती. मी नळ्यांची तोंडं दगडी चौथऱ्याकडे धरली, वरचा खटका अंगठ्यानं बाजूला सारला आणि बंदूक मोडली, म्हणजे बिजागरीवर दुमडून उघडली. उजवी नळी रिकामी. डाव्या नळीत पितळी बूड. त्यावर हिरवट गंज चढलेला, आणि कागदी काडतूस दमटपणानं इतकं फुगलेलं की नखानं ओढून निघेना. घोडा म्हणजे काडतुसावर टोला देणारा भाग, आणि ती बाहेर घोडे न दिसणाऱ्या जातीची बंदूक होती. त्या जातीत बंदूक उघडली की आतले घोडे आपोआप ताणले जातात आणि मिटल्यावर तसेच ताणलेले राहतात. सेफ्टीची कळ बहुतेक बंदुकांत फक्त चाप अडवते, घोडा मोकळाच असतो. घोडा ताणून धरणारा आतला दात झिजलेला असेल तर जोरानं आपटल्यावर बार उडू शकतो. म्हणजे चौदा वर्षं ती बंदूक भरलेली आणि ताणलेली, गोधड्यांच्या चवडीमागं उभी होती. नातवंडं त्याच खोलीत झोपायची. सून त्या दिवशी काही बोलली नाही, नुसती भिंतीला टेकून बसली.

म्हणून कुठलंही शस्त्र भरलेलं आहे असंच धरायचं, ही आमची पहिली शिकवण. रिकामी म्हणून सांगितलेली बंदूक मी आजवर एकदाही रिकामी धरलेली नाही.

आता उशाशी ठेवण्याचं. बंदुकीची एक अडचण आहे जी दुकानदार सांगत नाही. ती नीट ठेवली तर वेळेला हाताशी नसते, आणि हाताशी ठेवली तर ती नीट ठेवलेली नसते. नीट म्हणजे काय? दस्ता, नळ्या आणि नळ्यांखालची लाकडी पकड असे तिचे तीन भाग सुटे करून कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही चाव्या घरच्या पोराबाळांना माहीत नसलेल्या जागी. देव्हारा आणि तांदळाचा डबा या दोन जागा चोरालाही माहीत असतात. असं ठेवलेलं शस्त्र झोपेतून उठून, चष्मा शोधून, दोन कुलपं काढून, जुळवून, भरून हातात घ्यायला किती वेळ लागतो ते मी माझ्या घरी घड्याळ लावून पाहिलंय. दिवा चालू असताना, मनावर काही दडपण नसताना, मला एक मिनिट चाळीस सेकंद लागली. अंधारात आणि भीतीत त्याच्या दुप्पट धरा. मी रोज शस्त्र हाताळलेला माणूस आहे. तुमचा हिशेब तुम्हीच करा.

हा वेळ वाचवायचा म्हणून लोक भरलेली बंदूक पलंगाखाली ठेवतात. मीही निवृत्त झाल्यावर पहिली दोन वर्षं तसंच करायचो. फेब्रुवारीतली रात्र होती, अडीचचा सुमार. मोटारीच्या खोलीकडे लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. मी बंदूक घेऊन पडवीत आलो. उसाच्या कडेला एक आकृती वाकलेली, हातात काहीतरी लांब. दोनदा हाक मारली, उत्तर नाही. बोट चापाच्या कडीबाहेर होतं, तेवढी फौजेची सवय अंगात होती. डाव्या हातानं बॅटरी मारली तर शेजारच्या भावकीतला सतरा वर्षांचा पोरगा. थ्री फेज रात्रपाळीला आली होती, तो व्हॉल्व्ह फिरवायला पाना घेऊन आलेला, कानात गाण्याच्या वायरी. म्हणून हाक ऐकू गेली नाही. त्याला आजही माहीत नाही की माझ्या दुसऱ्या हातात काय होतं. त्या रात्रीपासून माझी बंदूक कुलपात असते.

आपल्या भागात रात्री रानात फिरणारा माणूस बहुतेक वेळा पाणी पाजणारा शेतकरीच असतो. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या फडाशेजारी तोडकऱ्यांच्या कोप्या पडलेल्या असतात, त्यात लहान पोरं झोपलेली असतात, आणि कोपीची भिंत म्हणजे पाचट नाहीतर ताडपत्री. बारा बोअरच्या एलजी काडतुसात मोठे छर्रे असतात, ते अर्ध्या किलोमीटरपलीकडेही जाऊन पडतात. गोठ्याचा पत्रा त्यांना कागदासारखा. तुम्ही ज्याच्यावर नेम धरला त्याच्यामागं काय आहे हे अंधारात उसाकडे तोंड करून कुणालाच सांगता येत नाही. हवेत बार काढून घाबरवायचं म्हणाल, तर वर गेलेलं खाली येतंच, आणि प्रत्येक काडतुसाचा हिशेब तुम्हालाच द्यावा लागतो.

कायदा काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनी ९६ ते १०६ ही स्वसंरक्षणाची कलमं आता ३४ ते ४४ आहेत, गाभा तोच. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचं, मालमत्तेचं रक्षण करायचा हक्क तुम्हाला आहे, आणि जिवावर किंवा अब्रूवर बेतलं असेल तर त्यात समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. ४१ वं कलम मालमत्तेबद्दल आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला किंवा मालमत्ता ठेवायच्या इमारतीला आग लावणं किंवा स्फोटकानं नासधूस करणं, आणि मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटावी अशा परिस्थितीतली चोरी, नासधूस किंवा घरात घुसणं, इतक्याच प्रसंगांत तो हक्क जीव घेण्यापर्यंत जातो. विहिरीवरची मोटार नेणारा चोर यात बसत नाही. पळणारा चोर तर अजिबात नाही. आणि या सगळ्यावर ३७ व्या कलमाची दोरी आहे, गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे सगळं सविस्तर मांडलंय. जिवावर बेतलेल्या माणसानं तागडीत तोलून वार करावा अशी अपेक्षा नाही, पण सूड म्हणून किंवा धोका टळल्यावर केलेल्या वाराला संरक्षणही नाही, असा त्याचा रोख आहे. कोर्टात तुमची बाजू खरी ठरेलही. तोवर तारखा, वकील, गावातली कुजबुज, आणि एक माणूस आपल्या हातून गेला हे मनावरचं ओझं. यातून गेलेल्या एका माणसाला मी ओळखतो. तो निर्दोष सुटला, पण अजून नीट झोपत नाही.

मग एकटीनं राहायचं कसं? मी एकच मोजमाप वापरतो: मिनिटं. तुमच्या वस्तीवर हाकेला पहिलं माणूस पोचायला किती मिनिटं लागतील, आणि तुमचं दार तेवढी मिनिटं टिकेल का? गावातून मोटारसायकलवर कुणी यायला समजा दहा मिनिटं आणि पोलिसांची गाडी यायला अर्धा तास. तर तुमच्या आणि चोराच्या मध्ये अर्धा तास टिकेल असं काहीतरी पाहिजे. बंदूक दार धरून उभी राहत नाही. बाकी सगळं यावरून ठरतं.

पहिल्यांदा संडास बघा. घराबाहेर असेल तर तीच तुमची सगळ्यात कच्ची जागा आहे. रात्री एकटी बाई दार उघडून अंधारात बाहेर येते ही वेळ पाळत ठेवणाऱ्याला नेमकी माहीत असते, आणि बिबट्यालाही वाकलेलं किंवा बसलेलं माणूस लहान जनावर वाटतं. बाकी कशावर खर्च करायच्या आधी आत संडास-बाथरूम करून घ्या.

दुसरं, पडवीला लोखंडी जाळी आणि तिला आतून कुलूप. मुख्य दाराची कडी बघा. दार सागवानी असतं आणि कोयंडा अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर लटकलेला असतो. लाथ बसली की दार तसंच राहतं आणि कोयंडा उपटून येतो. सुताराला बोलवा, चौकटीत खोल जाणारे तीन इंची स्क्रू, वर आणि खाली जाड अडसर, आणि चौकट भिंतीत पक्की आहे का तेही बघायला सांगा. कौलारू किंवा पत्र्याचं घर असेल तर माणूस वरून उतरतो. म्हणून मधली एक खोली निवडा, जिला माळा किंवा स्लॅब आहे. तिला आतून अडसर, आत एक पाण्याची बाटली, बॅटरी, चार्ज केलेला दुसरा फोन, औषधं. आवाज आला की या खोलीत जायचं, अडसर लावायचा, फोन करायचा. बाहेर काय आहे ते बघायला जायचं नाही. मोटार गेली तर जाऊ दे, सोनं गेलं तर जाऊ दे. आणि सोनं घरात ठेवूच नका, बँकेत लॉकर घ्या आणि चार बायकांत सहज सांगून टाका की दागिने लॉकरला टाकले. ही बातमी तुमच्याआधी वेशीपर्यंत पोचते. उसाचं बिल आणि पेन्शन काढलेल्या दिवशीचं रोख घरी आणू नका.

फोनची परीक्षा आजच घ्या. त्या मधल्या खोलीत रेंज येते का? वारणेच्या खोऱ्यात एका कोपऱ्यात दोन काड्या आणि दुसऱ्यात शून्य, असं नेहमीचं आहे. दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून बघा. ११२ हा नंबर पोलिसांचा, पण त्याच्या आधी पोलीस पाटील आणि सगळ्यात जवळची दोन घरं. तीन नंबर एका बटणावर ठेवा आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, घाबरल्यावर फोनमधली यादी वाचता येत नाही. बऱ्याच गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू आहे. एका टोल फ्री नंबरवर बोललं की तुमचा आवाज गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या फोनवर एकदम वाजतो. तुमच्या गावात असेल तर नाव नोंदवा, नसेल तर ग्रामसभेत विषय काढा. शिक्षकबाई बोलल्या की ऐकतात.

मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो भोंगा. बारा व्होल्टचा सायरन छपराखाली उंच बसवायचा, त्याला स्वतःची बॅटरी आणि बटण त्या मधल्या खोलीत. चोराला उजेडापेक्षा आवाजाची भीती जास्त. आजूबाजूच्या वस्त्यांना सांगून ठेवायचं की भोंगा वाजला की या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला संध्याकाळी एकदा वाजवून बघायचा, म्हणजे चालू आहे हे कळतं आणि लोकांच्या कानालाही सवय होते.

उजेडाबद्दल एवढंच: विजेचा मीटर बाहेरच्या भिंतीवर असतो, चोर आधी तोच बंद करतो. म्हणून कोपऱ्यांना हालचालीवर लागणारे सोलरचे दिवे लावा, त्यांचा मीटरशी संबंध नाही. उजेड अंगणात पाहिजे, तुम्ही अंधारात. आत दिवा लावून खिडकीत उभं राहिलं तर तुम्ही दिसता, तुम्हाला काही दिसत नाही. आणि ऊस घराला चिकटून लावू नका. पुढच्या लागणीला साठ-सत्तर फूट सोडा, तिथं भुईमूग, मेथी, ठेंगणी वैरण करा. चोराला आणि बिबट्याला दोघांनाही तेवढं उघडं ओलांडायला नको वाटतं. हा बदल फुकट आहे आणि मी सांगितलेल्या बऱ्याच खर्चिक गोष्टींपेक्षा मोलाचा आहे. कुंपणाला मात्र घरची वीज सोडू नका. त्यात माणसं मरतात आणि लावणाऱ्यावर गुन्हा होतो. झटका मशीन घ्या, त्याचा धक्का क्षणभराचा असतो.

बिबट्यासाठी बंदुकीचा विचारच काढून टाका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेनं मारला गेला तर कलम ११ संरक्षण देतं, पण अंगणात दिसला म्हणून बार काढणं त्यात येत नाही. छऱ्यानं जखमी झालेला बिबट्या उसातच बसून राहतो, आणि मग तोडकरी कोयता घेऊन नेमका त्याच्यावर जातो. चांदोलीचं जंगल तुमच्या डोक्यावर आहे आणि मादीला पिल्लं घालायला ऊस आवडतो, म्हणून तो येणार. कुत्रं रात्री बांधून बाहेर ठेवू नका, ते त्याला आमंत्रण आहे. जाळीच्या आत घ्या, भुंकायचं काम ते तिथूनही करतं. शेळ्या बंद गोठ्यात, वरूनही जाळी. दिवसाउजेडी उसाच्या कडेनं जाताना घुंगरांची काठी, मोबाईलवर गाणी. समोर आलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही, हात वर करून मोठं दिसत ओरडत मागं सरकायचं. वन विभागाचा नंबर १९२६, तोही भिंतीवर.

दारावर येणाऱ्यांचं तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही पोरं सांभाळलेल्या आहात. भांडी पॉलिशवाला, मीटर बघायला आलेला, पाणी मागणारा, सगळ्यांशी जाळीतून बोलायचं. पाण्याचा माठ जाळीबाहेरच ठेवा, म्हणजे तहानलेल्याला नाही म्हणायची वेळ येत नाही.

हे सगळं करूनही तुम्हाला बंदूक हवी असेल तर तो तुमचा हक्क आहे आणि मी अडवणार नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत मृत परवानाधारकाच्या वारसाला परवाना मागायची सोय आहे. इतर वारसांची नाहरकत प्रतिज्ञापत्रं लागतात, म्हणजे मुलाची सही. सांगली आणि सातारा दोन्हीकडे पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना जिल्हाधिकारी देतात. पोलीस चौकशी होते, डॉक्टरांचा दाखला लागतो, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण लागतं आणि घरात शस्त्र कुठं ठेवणार तेही सांगावं लागतं. २०१९ पासून परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं आहे. जमा केलेल्या बंदुकीला मुदत असते, त्यात परवाना झाला नाही किंवा ती विकली नाही तर ती सरकारजमा होते. म्हणून पावती घेताना मुदत विचारा आणि अर्ज लगेच करा. गावठी कट्टा कुणी आणून देतो म्हणाला तर त्या माणसाला पुन्हा उंबऱ्यावर येऊ देऊ नका.

परवाना झाला तर प्रशिक्षणाचा दाखला कपाटात टाकून विसरू नका. बंदूक मोडून दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे बघायची सवय दरवेळी पाहिजे. आपल्याकडे कुंभारमाशी दिसेल त्या भोकात मातीचं घर करते, खिळ्याच्या भोकात, नळाच्या तोंडात, आणि उघड्या राहिलेल्या नळीतही. मी एकदा नळीतून बघितलं तर पलीकडचा उजेडच दिसेना. गजानं ढकललं तर मातीची वाळलेली गोळी आणि तिच्यात कोंबलेले मेलेले कोळी निघाले. तसाच बार काढला असता तर नळी फुटून डावा हात गेला असता. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तेलाचा हलका हात, आणि कातडी म्यानात बंदूक ठेवायची नाही, चामडं ओल धरतं. फुगलेलं किंवा हिरवं पडलेलं काडतूस वापरायचं नाही, ते ठाण्यात द्यायचं. बोट चापाच्या कडीबाहेर, नळीचं तोंड कधीच माणसाकडे नाही, समोर कोण आहे आणि त्याच्यामागं काय आहे हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय बोट आत नाही. आणि बंदूक घेऊन घरभर चोर शोधत फिरायचं नाही. ती त्या मधल्या खोलीत, अडसर लावल्यावर, दार तुटलंच तर. अडसरामुळे तुम्हाला ते एक मिनिट चाळीस सेकंद मिळतात.

आणखी एक विचारतो, रागावू नका. सव्वा वर्ष म्हणजे फार नाही. संध्याकाळी सातनंतर घर खायला उठतं, जेवण एकटीला करावंसं वाटत नाही, झोप तुटते, हे मी माझ्या आईचं पाहिलंय. मन खचलेलं असताना घरात भरलेलं शस्त्र नसावं. एका वाईट रात्रीपुरता माणूस वेगळा होतो, आणि बंदूक दुसरी संधी देत नाही. तुमचं तसं काही असेल असं मी म्हणत नाही. पण असेल तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतवाहिनीचा नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि मुलाशी रोज रात्री नऊला बोलायचं ठरवून टाका. तुमचा फोन गेला नाही तर त्यानं सव्वानऊला पोलीस पाटलाला फोन करायचा. आधार म्हणूनही हे चांगलं, आणि सुरक्षेचं म्हणूनही.

तुम्ही लिहिलंय की पट्टा अजून दाराआडच्या खुंटीला आहे आणि तो काढावासा वाटत नाही. काढू नका. त्यातली काडतुसं तेवढी ठाण्याचा माणूस येईल तेव्हा त्याच्यासमोर मोजून त्यालाच काढू द्या आणि आकडा पावतीवर घ्या. पट्टा राहू दे तिथंच. पावसाळ्याआधी त्याला थोडं एरंडेल चोळा, चामडं तडकत नाही.